पहिलं सत्र फ्रेंच कुटुंबात: शहाणपण की महागडी हौस?

सुमेधा (धागाकर्ती)
भाचा सप्टेंबरात ग्रनोबलला मास्टर्सला निघालाय. अभ्यासक्रम इंग्रजीत, त्यामुळे फ्रेंच शिकलं काय न शिकलं काय, असा घरातल्या निम्म्या लोकांचा सूर. राहायचं कुठे यावरूनही दोन तट आहेत. माझं मत मांडते, ठोका हवं तर.

फ्रान्सला जाणाऱ्याने पहिलं सत्र तरी स्थानिक कुटुंबात काढावं. मी बझाँसाँला भाषेचा कोर्स करताना अशीच राहिले होते. तिथली भाषासंस्था १९५८ पासूनची, शिक्षक उत्तम. पण शिक्षक तुमच्यासाठी सावकाश बोलतात. जेवणाच्या टेबलावर चार माणसं एकाच वेळी बोलतात आणि निम्मे शब्द गिळतात. निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करण्यावरून २०२३ मध्ये देशभर संप चालले होते. घरमालक रोज रात्री आठच्या बातम्यांशी भांडायचे आणि मग मला विचारायचे, तुमच्याकडे किती वय? असला सराव कुठल्या वर्गात मिळणार?

इंग्रजीतून शिकणारी आपली मुलं काय करतात ते पाहिलंय. चौघं मिळून घर घेतात, कुकर लावतात आणि वर्षाने इंटर्नशिपच्या मुलाखतीला बसल्यावर कळतं की समोरच्याला फ्रेंचच हवंय.

शिवाय कागदपत्रं. बँक खात्याला पत्त्याचा पुरावा लागतो, घर भाड्याने घ्यायचं तर अनेक मालक फ्रेंच खातं मागतात. नवखा मुलगा या चक्रात फिरत राहतो. कुटुंबात राहिलात तर यजमान रहिवासाचं पत्र, ओळखपत्राची प्रत आणि विजेचं बिल देतात. काम झालं.

चिंचवडचा चिन्मय
ताई, भावना पोचल्या. आता हिशेब.

दोन वेळच्या जेवणासह खोलीचे मला ८०० युरो सांगितले होते. विद्यार्थी निवासातली साधी खोली अडीचशे-तीनशेच्या घरात मिळते. दुपारचं जेवण विद्यापीठाच्या खानावळीत साडेतीन युरोच्या आत. व्हिसासाठी महिन्याला किमान ६१५ युरो दाखवावे लागतात. तुमचं प्रेमळ कुटुंब ते सगळे घेऊन वर आणखी मागणार. ते भरून काढायला मुलगा काम करेल म्हणाल, तर वर्षाला ९६४ तासांची मर्यादा आहे.

जामीनदार नसेल तर सरकारमान्य 'विसाल' योजना फुकट हमी देते, त्यामुळे घरमालकापुढे हात जोडायची वेळ येत नाही.

आणि हा आतिथ्याचा वगैरे मामला नाही, व्यवसाय आहे. राहत्या घरातली खोली ठराविक मर्यादेत भाड्याने दिली तर फ्रान्समध्ये करसवलतही मिळते. नियम मात्र सदाशिव पेठेतल्या पेइंग गेस्टसारखे: अंघोळ दहा मिनिटं, नऊनंतर वॉशिंग मशीन नाही, हीटर १९ अंशांच्या वर नाही.

सुमेधा
१९ अंश हा घरमालकिणीचा कंजूषपणा नव्हे हो, तिथल्या ऊर्जा कायद्यातच तो आकडा आहे. स्वेटर घाला.

व्यवसाय आहे हे मान्य. म्हणून काय झालं? शिकवणीलाही पैसे देतोच ना आपण?

फ्रेंचची बाई
पुण्यात बरीच वर्षं फ्रेंच शिकवते, म्हणून बोलते. दोघंही मुलाच्या पातळीबद्दल काहीच बोलत नाही आहात. आपल्याकडे अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलेली मुलं क्रियापदं घडाघडा चालवतात आणि बेकरीत 'बाँझूर' न म्हणताच ब्रेड मागतात. ए१, म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी, घेऊन कुटुंबात गेलेला मुलगा महिनाभर मान डोलावतो आणि मग जेवण झालं की खोलीत पळतो. निदान बी१, म्हणजे रोजच्या गप्पा झेपतील इतपत पातळी, होऊ द्या, मग ते ८०० युरो वसूल होतात.

दुसरं, कुटुंबाला इंग्रजी बोलायची हौस असेल तर संपलं. शाळकरी पोरांच्या इंग्रजीच्या सरावासाठी परदेशी विद्यार्थी ठेवणारी घरं असतात. आधी स्पष्ट विचारा.

अमरावतीची वैशाली
आमच्यासारख्या कट्टर शाकाहाऱ्यांचं काय? 'मी मांस खात नाही' म्हटलं की मासे वाढतात, हे ऐकून होते. पण चीजचं कुणी सांगितलं नव्हतं. कोंते, रॉकफोर ही नावाजलेली चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, बनतात. यजमानीण बिचारी 'हे तर शाकाहारी' म्हणून प्रेमाने पुढे करते. रोज 'नाही' तरी किती वेळा म्हणायचं? त्यापेक्षा आपला कुकर बरा.

सुमेधा
वैशाली, हा मुद्दा खरा आहे. फॉर्ममध्ये फक्त 'शाकाहारी' लिहून भागत नाही. रेनेट, जिलेटिन, कीशमधले (अंडी-सायीचा खारा पाय) डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, सगळं नावानिशी लिहायचं. पुईच्या मसुरा आणि बटाटे-सायीचं ग्रातां यांवर हिवाळा निघतो. पण रेनेट अजिबात चालत नसेल तर स्वयंपाकघर वापरू देणारं घर शोधा, जेवणासह नको.

नवा सदस्य नाशिक
मुलं सांभाळायची आणि फुकट राहायचं अशीही सोय असते ना? मग खर्चाचा वादच मिटला.

फ्रेंचची बाई
नाही! ती 'ओ पेअर'ची सोय. तिचा परवाना वेगळा, आठवड्याला २५ तासांपर्यंत काम, वर थोडा हातखर्च. मास्टर्सच्या विद्यार्थी व्हिसावर हे दोन्ही मिसळायला जाऊ नका.

लिओंकर
दोघांच्या भांडणात तिसरा पर्याय राहिलाच. २००३ च्या उन्हाळ्यात तिथे उष्णतेच्या लाटेत सुमारे १५,००० माणसं गेली, त्यांत बहुतेक म्हातारी, कित्येक एकटी राहणारी. त्यानंतर वृद्धांच्या रिकाम्या खोल्यांत विद्यार्थ्यांना ठेवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या आणि २०१८ मध्ये या सहनिवासाला कायद्यात जागा मिळाली. यजमान ६० च्या पुढचा, राहणारा ३० च्या आतला, भाडं माफक, सोडायचं तर महिन्याची सूचना. माझ्या आजीबाई ८० च्या होत्या. भाषा त्यांनीच शिकवली, कारण त्यांना वेळच वेळ होता.

चिंचवडचा चिन्मय
म्हणजे मास्टर्स करत म्हातारी सांभाळायची?

लिओंकर
नर्सिंग नाही. भाजी आणणं, संध्याकाळी घरात असणं अशी किरकोळ कामं करारात लिहिता येतात. संध्याकाळी बाहेर हुंदडायची सवय असेल तर मात्र हे जमणार नाही.

चिंचवडचा चिन्मय
हे स्वस्त पडेल, मान्य. पण ताईंच्या कुटुंबासाठी ८०० मोजायला माझा विरोध कायम. आणि घेणारच असाल तर खोली किमान ९ चौरस मीटर आहे का, उघडणारी खिडकी आहे का, ते व्हिडिओ कॉलवर बघा. पोटमाळ्याचे सुंदर फोटो पाठवणारे पुष्कळ असतात. जेवण ठरल्या वेळी असतं, उशीर झाला तर ताट झाकून ठेवायला तिथे तुम्ही नसणार. भाच्याचा वर्ग किती वाजता सुटतो?

सुमेधा
सव्वासातला. घर ट्रामने वीस मिनिटांवर, जेवण आठला. पुढचं कारण आणा.