तातडीचं: चौथ्या दिवसाचं वेळापत्रक, घड्याळ कुठलं धरायचं?

प्रेषक: मंदार

मंडळी, नमस्कार.
आपल्या अमेरिका सहलीच्या शीटमधला चौथा दिवस जरा उघडून बघा. पेजजवळची अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ साडेअकरा, मग जेवण, मग हॉर्सशू बेंड हे नदीचं वळण, तीनला निघून पाच वाजता मॉन्युमेंट व्हॅलीची जीप सफर. हे जमणारच नाही. पेज गाव ॲरिझोनाच्या वेळेवर चालतं आणि ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. मॉन्युमेंट व्हॅली नावाहो नेशनमध्ये, म्हणजे नावाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या स्वशासित प्रदेशात येते, ते करतात. पेजला तीन वाजले की तिकडे चार वाजलेले असतात. रस्ता सव्वाशे मैलांचा, सव्वादोन तास धरा. म्हणजे आपण पोचणार तिथल्या सव्वासहाला. जीपचे पैसे भरून झालेत आणि वेळ बदलायची मुदत आज रात्रीपर्यंतच आहे.
मंदार

---

प्रेषक: सुजाता

मंदार, शीट प्रवास समितीने केलेली आहे. सूचना आधी समितीला कळवायची असं दिवाळीनंतरच्या बैठकीत ठरलं होतं.
आता मुद्द्याचं. अँटिलोपसुद्धा नावाहोंच्याच जमिनीवर आहे ना? त्यांचा वाटाड्या असल्याशिवाय आत सोडतही नाहीत. मग तिथे त्यांचं घड्याळ का नसेल? तसं असेल तर आपला साडेअकराचा स्लॉट पेजच्या साडेदहाला सुरू होईल आणि सगळा दिवसच सरकेल. मला हे नक्की कळल्याशिवाय मी शीट बदलणार नाही.
सुजाता

---

प्रेषक: प्रकाशकाका

सुजाता, शंका बरोबर आहे, पण उत्तर उलटं आहे. जमीन नावाहोंची असली तरी अँटिलोपच्या टूर पेजच्या वेळेवरच सुटतात. साडेअकरा म्हणजे पेजचे साडेअकरा.
ॲरिझोनाने १९६७ साली उन्हाळी वेळ पाळून बघितली. तिथल्या फिनिक्स शहराच्या उकाड्यात सूर्य आणखी तासभर उशिरा मावळणं कुणाला हवं असणार? १९६८ साली त्यांनी ती सोडून दिली. नावाहो नेशन मात्र ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा अशा तीन राज्यांत पसरलेलं आहे. आपल्याच माणसांत दोन वेळा नकोत म्हणून ते सगळीकडे घड्याळ पुढे करतात. त्यांच्या मधोमध होपी लोकांचा प्रदेश आहे, ते पुन्हा करत नाहीत.
फोनवर विसंबू नका. पेज यूटाच्या सीमेला लागून आहे आणि यूटा घड्याळ पुढे करतं, तिथे फोन कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी तिकडचा. सेटिंगमध्ये जाऊन स्वतः फिनिक्स निवडा आणि पेज सोडल्यावर डेन्व्हर करा, ती वेळ नावाहोंच्या वेळेसारखीच आहे. आमच्या व्याह्यांची जीप याच घोळात सुटली होती. संध्याकाळचा प्रकाश बघायला ते मुद्दाम पुण्याहून आले होते, शेवटी सोबत राहिला तो पार्किंगमधून काढलेला फोटो.
प्रकाशकाका

---

प्रेषक: विनय

उपाय सोपा आहे. हॉर्सशू बेंड सकाळी करू. यूटातल्या ब्राइस कॅन्यनहून साडेसातला निघालो तर दहाला पेज, म्हणजे पेजच्या घड्याळात नऊच. जाताना तो एक तास आपल्याला फुकट मिळतोय, शीटमध्ये तो कुठेच धरलेला नाही. बेंडला जाऊन-येऊन दीड मैल चालणं आहे. काठावर सावली नाही, त्यामुळे तसंही दुपारी नकोच. अकराला अँटिलोपला हजर, एकला बाहेर, डबे व्हॅनमध्येच, दीडला निघायचं. तिकडे पावणेपाचला.
(समितीचा सदस्य म्हणूनच लिहितोय.)
विनय

---

प्रेषक: अंजली

साडेसात?? ब्राइसला आपण मुक्काम करतोय तो सूर्योदयासाठी. मे महिना असला तरी आठ हजार फुटांवर पहाटे बोटं आखडतात. लहान मुलांना उठवून, गुंडाळून कड्यावर न्यायचं आणि वीस मिनिटांत परत फिरायचं, हे मला मान्य नाही. ऊन आधी वरच्या टोकांवर येतं, मग हळूहळू एकेक सुळका पेटत खाली दरीत उतरतं. ते सगळं होईस्तोवर उभं राहायला हवं. वर्षातल्या कितीतरी रात्री फटीत शिरलेलं पाणी गोठून दगड फोडतं, त्यातून ते सुळके घडलेत. गाडीतून बघण्यासारखं नाही ते.
अंजली

---

प्रेषक: नीलिमा

अंजलीला दुजोरा. कानटोप्या सगळ्यांनी आणा.
अँटिलोपचे अपर आणि लोअर असे दोन भाग आहेत, आपला कुठला ते शीटमध्ये नाही. लोअरला लोखंडी शिड्या आहेत, सुधामावशींच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत. अपर आतून सपाट आहे, परतताना मात्र बाहेरून जिने-उतार लागतात. आत बॅग नेऊ देत नाहीत, पर्ससुद्धा नाही, तेव्हा बाळाच्या बाटलीचं आधीच विचारून ठेवा. नॅशनल पार्कचा पास अँटिलोपला आणि मॉन्युमेंट व्हॅलीला चालत नाही, पैसे वेगळे काढा. आणि नावाहो हद्दीत दारू बाळगायलाही बंदी आहे. कूलर भरणाऱ्यांनी हे वाचावं.
थालीपिठाची भाजणी माझ्याकडे आहे, दशम्या कोण करतंय?
नीलिमा

---

प्रेषक: प्रकाशकाका

अंजली, मेअखेरीस तिथे सूर्य सहाच्या थोडा पुढे उगवतो. सामान रात्रीच व्हॅनमध्ये टाकलं तर तासभर कड्यावर थांबून साडेसातला निघता येतं. नाश्ता गाडीत.
विनय, पावणेपाचला पोचून पाचची जीप धरणं मला पटत नाही. वाटेत केयेंटा गावाला पेट्रोल भरावंच लागेल. जीप पुढे ढकला. सूर्यास्त साडेआठच्या आसपास आहे, जेवढं उशिरा जाल तेवढे तिथले दगडी बुरूज लाल होतात. आणि व्हॅलीतल्या सतरा मैलांच्या कच्च्या रस्त्यावर आपली व्हॅन कुणी घालू नका. भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचा.
प्रकाशकाका

---

प्रेषक: सुजाता

जीपवाल्यांना मी स्वतः फोन केला. साडेपाच मिळाली, नावाहो वेळ. अँटिलोप अपरच आहे. शीट बदलली, प्रत्येक वेळेपुढे आता यूटा, पेज किंवा नावाहो असं लिहिलंय. यापुढे शीटला हात समितीच लावेल.
ग्रँड कॅन्यनच्या नॉर्थ रिमचं (उत्तर काठाचं) विचारणाऱ्यांसाठी: तिथलं जुनं लॉज २०२५च्या जुलैमधल्या वणव्यात जळालं. आपण साउथ रिमलाच जातोय.
दुसऱ्या व्हॅनला अजून एकच ड्रायव्हर आहे. कोण चालवणार ते उद्या दुपारपर्यंत कळवा, भाडेकरारात नाव घालायचं आहे.
सुजाता

---

प्रेषक: मंदार

मी चालवतो. दशम्या आई करतेय.