चर्चा: सगळ्यांच्या जमिनीवर सायनाइडच्या नळ्या कशासाठी?

पायवाट:
मार्च २०१७. अमेरिकेत आयडाहोतल्या पोकाटेलोजवळ १४ वर्षांचा एक मुलगा घरामागच्या टेकडीवर कुत्र्याला फिरवत होता. जमिनीतून एका नळीचं टोक वर आलेलं दिसलं. पाण्याचा फवारा असेल असं वाटून त्याने हात लावला. फट्कन आवाज झाला आणि केशरी पूड उडाली. मुलगा वाचला. त्याचा लॅब्राडोर त्याच्या डोळ्यांदेखत तडफडून मेला.

ते एम-४४ होतं. जमिनीत ठोकलेली नळी, वरच्या टोकाला उग्र वासाचं आमिष फासलेलं. कोयोटीने (कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान) ते दातात धरून ओढलं की स्प्रिंग सुटते आणि सोडियम सायनाइड थेट तोंडात. ओलावा लागला की त्याचा विषारी वायू होतो. लावणारी होती केंद्रीय कृषी खात्याची वाइल्डलाइफ सर्व्हिसेस ही शाखा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या जमिनी सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याने आपल्या सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमिनीवर एम-४४ बंद केलं. फार बरं झालं. जिथे पोरंटोरं मोकळी फिरतात तिथे विष पेरून ठेवायचा हक्क कुणालाच नसावा.

वाघर:
त्या मुलाचं वाचून पोटात कालवलं. तरीही सरसकट बंदी मला पटत नाही. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं आहेत. रात्री कोकरू गेलं की पहाटे त्याची आई तटतटलेल्या सडांनी ओरडत साऱ्या कळपात फिरते, हुंगून हुंगून दुसऱ्यांची कोकरं ढकलते. हे रोज बघणाऱ्याला विचारा.

तिथले मेंढपाळ सरकारला चराईचे पैसे भरतात. पूर्वी मेलेल्या जनावरात स्ट्रिक्निन नाहीतर '१०८०' नावाचं विष भरून टाकायचे, ते खाऊन गरुडही मरायचे. त्या मानाने एम-४४ फक्त ओढणाऱ्यावर उडतं. चूक झाली तर नियम कडक करा.

पायवाट:
नियम होतेच की! आयडाहोतल्या सरकारी जमिनीवर ही नळी लावणार नाही, असं त्याच शाखेने २०१६ च्या नोव्हेंबरात कबूल केलं होतं. चार महिन्यांत हा प्रकार घडला.

आणि 'फक्त ओढणाऱ्यावर' म्हणता, पण ओढतो कोण? २०१७ च्याच फेब्रुवारीत ओरेगनमध्ये कोयोटीसाठी लावलेल्या एम-४४ ने ओआर-४८ हा लांडगा मेला. त्याला मारायचा कुणाचाही इरादा नव्हता.

जुनी_फाईल:
पायवाट यांच्याशी सहमत, पण खात्याच्या आदेशावर विसंबू नका. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्ये केंद्राच्या जमिनीवर शिकारी प्राण्यांसाठी विष वापरणं बंद केलं. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष फोर्ड यांच्या काळात सायनाइडपुरती सूट मिळाली आणि १९८२ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी तो आदेशच मागे घेतला. २०२४ मध्ये काँग्रेसने (तिथल्या संसदेने) एम-४४ वरचा खर्च रोखला, पण तोही त्या वर्षाच्या बजेटपुरता. कायमच्या बंदीचं विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं गेलंय. ते मंजूर व्हायलाच हवं.

वाघर:
करा मंजूर. मग कोकरांचं काय? शहरातल्या माणसाला समाधान, नुकसान मेंढपाळाचं. हा न्याय नाही.

डोंगरउतार:
आयडाहोतच वुड रिव्हर भागात २००८ पासून वेगळा प्रयोग चालू आहे. त्यांची अडचण लांडग्यांची, पण उपाय इथेही बघण्यासारखे आहेत. मेंढपाळ कळपाजवळ मुक्काम करतात, राखणीची थोराड पांढरी कुत्री असतात, रात्री दोरीला लावलेली फडकती कापडं आणि उजेड. तिथे मेंढ्या फार कमी जातात. शिवाय कोयोटी मारत राहिलं की उरलेले लवकर वितात आणि पिल्लंही जास्त होतात, असं जाणकार सांगतात.

वाघर यांचं एक मात्र शंभर टक्के खरं. हे सगळं माणसाच्या जागरणावर चालतं, आणि तिथले कितीतरी मेंढके पेरू देशातून आलेले आहेत, घरापासून हजारो मैलांवर. नळी लावून माणूस निघून जातो. राखणीला माणूस लागतो, त्याला पगार लागतो.

वाघर:
हेच म्हणतोय मी. आमच्याकडे रात्री मेंढरं वाघरीत (जाळ्याच्या कुंपणात) कोंडायची आणि कुणीतरी जागायचं, म्हणून जागरणाची किंमत ठाऊक आहे. नळ्या ठोकायला आजवर सरकारने पैसा दिला ना? तोच पैसा कुत्र्यांना आणि मेंढक्यांच्या पगाराला द्या, त्या दिवशी माझा विरोध संपला. नुसत्या नळ्या उपटून नेणार असाल, तर माझं मत आहे तेच राहील.