कोणती कोंबडी अंडी घालतेय, हे कसं ओळखायचं?

येऊरची सून: घरामागे गावठी आणि कावेरी (सुधारित जातीच्या) कोंबड्या एकत्रच आहेत. सासूबाई कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहितात, पण तो सगळ्यांचा मिळून. कोण घालतेय आणि कोण नुसती दाणे टिपतेय, कळत नाही. खुराड्यात कॅमेरा बसवू का?

दिवाळेकर: कॅमेरा कशाला, ताई! रात्री बसल्या की हळूच एकेक उचला. शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटं मावली तर घालतेय, एकच मावलं तर बंद. तुरा फिका पडला असेल तरी तेच समजा.

उरणचा पाटील: पण एका दिवसावरून कोणाला आळशी ठरवू नका. अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात, म्हणून घालायची वेळ रोज पुढे सरकते आणि मधेच एक खाडा पडतो. आठवड्याची बेरीज धरा. पिसं झडताना तर अंडी थांबतातच. सासूबाईंना सांगा, आकड्याशेजारी तेही लिहा.

येऊरची सून: तांबडी खुडूक (अंडी उबवायला) बसलीय, ती हिशोबातून बाद. बाकीच्या आज रात्री तपासते. कावेरीची अंडी फिकी तपकिरी असतात ना? गावठीची आमच्याकडे जवळपास पांढरी, मग निम्मं काम रंगावरच होईल.

दिवाळेकर: होईल. टॉर्च मात्र मंद ठेवा, नाहीतर सगळं खुराडं डोक्यावर घेतील.