रोज एक पोस्ट, 30 दिवस: घरात दोन लहान मुलं असताना गणित कसं बसवायचं?

मधलीसुट्टी:
येत्या 1 तारखेपासून 30 दिवस रोज एक पोस्ट टाकायची आहे. घरात मुलं दोन, एक सहा वर्षांचं, एक दीड वर्षाचं. लिहायला सलग वेळ मिळतो तो रात्री, साधारण 40 मिनिटं. ब्लॉग वर्डप्रेसवर (ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर), स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायला घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवर आहे. आधी किती पोस्ट तयार ठेवाव्यात? लांबी किती धरावी? आणि मूल आजारी पडलं की काय करायचं? 'जमेल, सुरुवात तर करा' सोडून काहीही सांगा.

रातकिडा:
40 मिनिटं म्हणजे लिहायला 40 नव्हेत. शीर्षक, फोटो, दुवे, टॅग आणि एकदा फोनवर उघडून बघणं यात 10 मिनिटं जातात, हे सगळेच विसरतात. शेवटचा हात फिरवायला आणखी 8-10. उरली 20. तेवढ्यात 300 ते 350 शब्दांचा मसुदा होतो, तोही विषय आधी ठरलेला असेल तर. म्हणून लांबी 300 धरा आणि वरची मर्यादा 450 पाळा. ही वरची मर्यादा जास्त महत्त्वाची. पहिल्या आठवड्यात हुरूप असतो, 900 शब्दांच्या पोस्ट पडतात, राखून ठेवलेले विषय संपतात आणि दुसऱ्या आठवड्याच्या मध्याला गाडी अडते.

साठा 8 पोस्टचा हवा. पाच पूर्ण लांबीच्या, कुठल्याही दिवशी चालतील अशा. तीन आणीबाणीच्या, 120-150 शब्दांच्या: एक फोटो आणि चार ओळी, एखाद्या शब्दाबद्दल टिपण, जुन्या पोस्टमधली चूक दुरुस्त करणारी नोंद. घरात एकाला ताप आला की दोन-चार दिवसांनी दुसऱ्यालाही येतो, तेव्हा सलग आठवडाभराची सोय लागते. साठ्यातली एक वापरली की सुट्टीच्या दिवशी ती भरून काढायची. साठा चारच्या खाली गेला, तर त्या आठवड्यात फक्त छोट्या पोस्ट.

अर्धविराम:
साठ्याचं पटलं. पण विषयांची यादी करून भागत नाही. 'झोप', 'शाळेची बॅग' असं लिहून ठेवलं, तर रात्री दहाला थकलेल्या डोक्याला त्यातून काही सुचत नाही. विषयासोबत पोस्टचं पहिलं वाक्य लिहून ठेवा, आणि शेवट कुठे करायचा तेही चार शब्दांत. अशा 40 नोंदी जमवा, 30 नव्हे. दहा तरी फुसक्या निघतात.

नोंद करायला दिवसभरातल्या दोन-दोन मिनिटांच्या फटी पुरतात. धाकटं कडेवर असेल तर फोनवर बोलून टाइप करा. मात्र विरामचिन्हं नंतर हाताने घालावी लागतात, जोडशब्द तुटतात आणि नावांचा हमखास विचका होतो. ते त्याच दिवशी साफ करा. तीन दिवसांनी आपलंच बोलणं आपल्याला लागत नाही.

शाईचाडाग:
तांत्रिक बाजू. सगळ्यात आधी सेटिंगमध्ये वेळक्षेत्र तपासा, आपलं शहर निवडा. तिथे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) राहिलं असेल तर पोस्टवर भलतीच तारीख पडू शकते.

रात्री लिहिलेली पोस्ट लगेच टाकू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी 7 ची वेळ लावा. काही बिघडलं तर दुरुस्तीला अख्खा दिवस हातात राहतो. रात्री 11:50 ला टाकणाऱ्याचं नेट गेलं की दिवस बुडाला.

वर्डप्रेसचं वेळापत्रक घड्याळावर चालत नाही. कुणी साइट उघडली की ते जागं होतं. वाचक कमी असतील, किंवा कॅशिंग प्लगइन (साइट लवकर उघडावी म्हणून पानांची प्रत साठवणारी जोडणी) साठवलेलंच पान दाखवत असेल, तर 7 ची पोस्ट अडकून राहते. होस्टिंगच्या पॅनलमध्ये खरा क्रॉन जॉब (सर्व्हरने ठरल्या वेळी आपोआप करायचं काम) लावा, दर 15 मिनिटांनी डब्ल्यूपी-क्रॉनची, म्हणजे हे वेळापत्रक चालवणारी फाइल उघडणारा. हे 1 तारखेच्या आधी एका चाचणी पोस्टवर करून बघा.

फोनवरून मूळ फोटो चढवत असाल तर त्यात घराचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. कॅमेऱ्यातली लोकेशनची नोंद बंद करा. जुन्या फोटोंचे स्क्रीनशॉट काढून वापरले तरी चालेल.

अर्धविराम:
फोटोचा विषय निघालाच आहे, तर मुलांबद्दलच्या पोस्ट आठवडाभर उशिरा टाका. 'आज इथे आहोत' असं कळायला नको. गणवेश, शाळेची वेळ, खरं नाव वगळा. थोरलं वाचायला लागलं असेल तर त्याच्याबद्दलचं त्याला आधी वाचून दाखवा, नको म्हणालं तर पोस्ट रद्द. रोजच्या दडपणाखाली पहिला बळी याच नियमाचा जातो, कारण मुलांचे किस्से आयते समोर असतात. आठवड्यात दोनच्या वर नकोत.

तळटीप:
30 पैकी 30 चा हट्ट नसेल तर एप्रिलमधलं ए टू झेड आव्हान बघा. इंग्रजी अक्षरागणिक एक अशा 26 पोस्ट, रविवारी सहसा सुट्टी. साठा भरायला तोच दिवस. किंवा वर्षभरात 100 पोस्टवालं, 'हंड्रेड डेज टू ऑफलोड'. तिथे सलगतेची अट नाही. दीड वर्षाचं मूल घरात असताना माझं मत याच्याच बाजूने.

मधलीसुट्टी:
वेळक्षेत्र खरंच यूटीसीवर होतं, बदललं. साठ्यात तीनच पोस्ट आहेत, म्हणून सुरुवात 1 ऐवजी 15 तारखेला. रातकिडा, आणीबाणीच्या तिन्ही आधीच वेळ लावून ठेवायच्या की मसुद्यातच?

रातकिडा:
मसुद्यातच. पण 30 दिवसांतल्या शेवटच्या तीन तारखांना मात्र एकेक पोस्ट लावूनच ठेवा. त्या दिवसाची खरी पोस्ट झाली की आधी लावलेली मागे घ्यायची.