6 मिमी अ‍ॅल्युमिनियम प्लेटमध्ये सीएसके बोल्ट सपाट बसत नाहीत

शिरोलीकर
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. एका तपासणी फिक्श्चरची वरची प्लेट करतोय. माल एचई-30 अ‍ॅल्युमिनियम, जाडी 6 मिमी. खाली त्याच मालाची 20 मिमीची बेस, तिच्यात एम6 चे (6 मिमी बोल्टचे) आटे पाडलेत. वरून जॉब सरकवत न्यायचा आहे, त्यामुळे बोल्टचं डोकं केसभरसुद्धा वर यायला नको. एम6 अ‍ॅलन सीएसके, म्हणजे शंकूसारख्या डोक्याचे, प्लेटमध्ये बुडणारे बोल्ट लावलेत. काही डोकी एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने बुडालेली दिसतात. शिवाय काही काउंटरसिंकमध्ये (डोकं बसायच्या शंकूच्या खळग्यात) पाकळ्यांसारख्या लाटा उठल्यात. अजून थोडं खोल मारू का? नंतर हार्ड अ‍ॅनोडायझिंगही (वरून कठीण ऑक्साइडचा थर) करायचंय.

टूलरूम_भोसरी
दादा, खोल मारू नका. एका बाजूने वर म्हणजे खोलीचा दोष नाही, सेंटरचा आहे. साध्या अ‍ॅलन बोल्टला 6.6 चं भोक ठेवलं की थोडं इकडेतिकडे चालून जातं. सीएसकेला ती सवलत नाही. डोक्याचा उतार स्वतःच बोल्टला मध्ये खेचतो, पण आटा खाली 0.2 मिमी बाजूला असेल तर तो तरी कुठे जाणार? डोकं तिरकं होऊन एकाच कडेवर बसतं. मऊ अ‍ॅल्युमिनियमची ती कड महिन्या-दोन महिन्यांत दबते आणि बोल्ट ढिला होतो.

पुढची प्लेट करताना दोन्ही प्लेटा डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या पिना) घालून एकत्र क्लॅम्प करा आणि 5 च्या ड्रिलने आरपार एकाच दमात भोक पाडा. मग सुट्या करून खालच्या प्लेटला टॅपने आटे, वरच्या प्लेटला 6.6 आणि काउंटरसिंक. प्लेटा वेगवेगळ्या मार्किंगवर केल्या तर कितीही नीट पंच मारला तरी थोडा फरक राहतोच.

दुसरं, टूलचा कोन बघा. आपल्या मेट्रिक बोल्टला 90 अंश लागतो. बाजारात 82 अंशाची काउंटरसिंकही मिळतात, ती इंची बोल्टसाठी. त्यात मेट्रिक डोकं फक्त वरच्या कडेवर टेकतं. मोठं ड्रिल घेऊन सीएसके करणारे तर खूप आहेत. त्याचं टोक 118 अंशांचं असतं, तिथे उलटं होतं, डोकं खालच्या कडेवर टेकतं आणि सभोवती फट दिसते. दोन्ही ठिकाणी बोल्ट घट्ट वाटतो, पण बसलेला नसतो. मार्कर फासून एकदा बोल्ट आवळा आणि काढा, कुठे घासलंय ते लगेच कळेल.

लाटा स्पीडमुळे उठतात. सर्वांत हळू पुली लावा, दाब न सोडता उतरा, केरोसिनचे थेंब द्या. तरी थरथरलं तर सुती कापडाची घडी भोकावर ठेवून टूल त्यावरूनच हळू उतरवा. आमच्या टूलरूममध्ये जुने फिटर हेच करायचे आणि लाटा साफ निघायच्या. आडवं भोक असलेलं एक धारेचं टूल मिळालं तर कापडाची गरजही पडत नाही.

खोलीचा हिशेब सोपा आहे. 90 अंशाला 0.1 मिमी खाली गेलं की तोंड 0.2 मिमीने रुंद होतं. म्हणून खोली मोजत बसू नका, व्हर्नियरने तोंडाचा व्यास मोजा. पाकिटातल्या प्रत्येक बोल्टचं डोकंही मोजा. जुन्या डीआयएन 7991 मानकाचं एम6 डोकं 12 मिमी असतं, आयएसओ 10642 चं त्याहून मोठं. दोन्ही मिसळले की एकाच स्टॉपवर (ठरवलेल्या खोलीवर) काही वर, काही खाली राहणारच.

ओझर_निवृत्त
वरचं सगळं पटलं. हँड ड्रिलने करणार असाल तर मायक्रोस्टॉपचा पिंजरा (टूलला ठरवलेल्या खोलीवर थांबवणारा) घ्या. विमानाच्या पत्र्यावर आम्ही तोच वापरायचो, खोली एका क्लिकला इंचाच्या हजाराव्या भागाने बदलते. मात्र विमानातली बरीच डोकी 100 अंशांची, त्यामुळे तिथली टूल इकडे आणू नका. आणि 3 मिमी प्लेटवर एम5 चालवायचा मोह टाळा. त्याचं डोकं 2.8 मिमी खोल, खाली सुरीसारखी धार उरते. मी पत्र्याच्या दोन तृतीयांशापलीकडे कधी जात नाही. 3 मिमीला एम3 घ्या, त्याचं डोकं 1.7 मिमी.

शिरोलीकर
काका, मार्कर लावून बघितलं, घासल्याची खूण खरंच एकाच बाजूला आहे. आटे पाडलेली बेस आता फेकायची का? आणि अ‍ॅनोडायझिंग आधी की नंतर?

टूलरूम_भोसरी
फेकू नका. सरकलेले आटे मोठे करून एम6 चे हेलिकॉइल (आट्यात बसवायच्या तारेच्या गुंडाळ्या) घालता येतात, पण आटा त्याच सेंटरवर येतो, चूक जात नाही. त्यापेक्षा नवीन जागी आरपार भोकं पाडा, जुनी बुजवून टाका. तपासणीच्या फिक्श्चरवर हा खर्च करावाच लागतो.

काउंटरसिंक अ‍ॅनोडायझिंगच्या आधी, नाहीतर उतार उघडा राहतो. हार्ड कोटिंग 50 मायक्रॉनचं असेल तर साधारण निम्मं बाहेरच्या बाजूला वाढतं. त्यामुळे डोकं 0.1 मिमी खालीच ठेवा, वर येणार नाही. आटे मात्र मास्क करायला सांगा, नाहीतर घट्ट होतील.

आणि एम6 सीएसकेला 4 ची अ‍ॅलन चावी लागते, साध्या बोल्टसारखी 5 ची नाही. खाच उथळ असते, झिजलेल्या चावीने ती लगेच गोल होते. निळं लॉकटाइट (आटा ढिला होऊ न देणारं द्रव) लावा आणि पाइप घालून आवळू नका.