मदत हवी आहे: मुलगा २३ वर्षांचा, आमच्याच घरी राहतो. जर्मनीत बेकारीची मदत मिळेल का?

अबोली

नमस्कार मंडळी. आम्ही स्टुटगार्टजवळ एसलिंगेनला राहतो. २०१२ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून आलो, तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. यंदा, २०२५ मध्ये, त्याचं मेकॅनिकलचं बॅचलर पूर्ण झालं. वाहन उद्योगातली इथली भरती सध्या किती थंडावली आहे ते तुम्हाला ठाऊक आहेच. जिथे तो दोन वर्षं वेर्कश्टुडेंट (शिकताना नोकरी करणारा विद्यार्थी) म्हणून काम करत होता तिथेही कायमची जागा निघाली नाही. अर्ज रोज जातात, मुलाखतीही होतात, पण अजून कुठे जमलेलं नाही.

एवढे दिवस आम्ही काही मागायचा विचार केला नव्हता. पण क्रांकेनकासेचं (आरोग्य विमा संस्थेचं) पत्र आलं. शिक्षण संपलं आणि वय २३च्या पुढे, म्हणून वडिलांच्या विम्यातून त्याचं नाव निघालं. आता स्वतःचा ऐच्छिक विमा, महिन्याला २०० युरोंच्या वर. किंडरगेल्डही (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) थांबलं. पोरगा प्रत्येक खर्चाला संकोचतो, घरात पैशांचा विषय निघाला की उठून खोलीत जातो. ते मला बघवत नाही.

आगेंटूरमध्ये (सरकारी रोजगार कार्यालयात) सांगितलं की त्याला आर्बाइट्सलोजनगेल्ड (बेकारी विम्यातून मिळणारा भत्ता) नाही. दोन वर्षं पगारातून कपात होत होती, मग का नाही? ब्युर्गरगेल्डसाठी (गरजूंना मिळणारा सरकारी निर्वाहभत्ता) म्हणे आमचं उत्पन्न धरतात. तो सज्ञान आहे, स्वतःच्या नावाने अर्ज करतोय, तरीही? तो आता म्हणतो, मित्रांबरोबर खोली घेतो आणि वेगळा अर्ज करतो. करू द्यावं का? शिवाय नवऱ्याचा आणि त्याचा नागरिकत्वाचा अर्ज चालू आहे (दोघांकडे कायमचा परवाना आहे), त्याला धक्का बसेल का?

हिशेबासाठी, महिन्याला युरोंत: नवऱ्याचा हातात येणारा पगार ३,४००, माझा मिनीजॉब (ठरावीक मर्यादेपर्यंतची छोटी नोकरी) ५५६, हीटिंगसकट भाडं १,५००. पुण्यात नवऱ्याच्या नावावर एक फ्लॅट आहे.

नेकारकाठ

अबोलीताई, कपातीचं आधी सांगतो, कारण बहुतेक घरांत हाच गोंधळ होतो. वेर्कश्टुडेंटच्या पगारातून फक्त पेन्शनचा हप्ता जातो, बेकारी विम्याचा जात नाही. आर्बाइट्सलोजनगेल्डला गेल्या ३० महिन्यांत १२ महिने बेकारी विमा भरलेला लागतो. त्याचे असे शून्य महिने होतात. त्याने आउसबिल्डुंग (कंपनीत पगारी व्यवसाय-प्रशिक्षण) केलं असतं तर गोष्ट वेगळी असती, तिथे हा विमा कापला जातो आणि परीक्षा झाल्यावर नोकरी नसेल तर तुमच्या पगाराकडे कोणी बघतही नाही.

ब्युर्गरगेल्डचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. २५ पूर्ण होईपर्यंत, लग्न झालेलं नसेल आणि आईवडिलांच्या घरी राहत असेल, तर जॉबसेंटर (ब्युर्गरगेल्ड देणारं कार्यालय) तुम्हा तिघांना एकच 'बेडार्फ्सगेमाइनशाफ्ट', म्हणजे गरज आणि उत्पन्न एकत्र मोजायचं कुटुंब, धरतं. खरं तर पहिली पदवी हातात आल्यावर मुलाला पोसण्याची आईवडिलांची कायदेशीर जबाबदारी सहसा संपते, पण जॉबसेंटरच्या हिशेबात ती संपत नाही. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

२०२५च्या निर्वाहभत्त्याच्या दराने तुमचा हिशेब: तुम्ही दोघं प्रत्येकी ५०६, मुलगा ४५१, भाडं १,५००. भाडं पूर्ण मान्य झालं असं धरून गरज २,९६३. नवऱ्याच्या पगारातून ३४८ सूट, उरले ३,०५२. मिनीजॉबमधून सुमारे १९५ सूट, उरले ३६१. बेरीज ३,४१३. म्हणजे गरजेपेक्षा ४५० जास्त. मुलाच्या विम्याचा हप्ता गरजेत धरला तरी मदतीत बसत नाही. आणि पुण्याचा फ्लॅट लिहावाच लागतो. तुम्ही राहता ते घर सुरक्षित असतं, भारतातला रिकामा किंवा भाड्याने दिलेला फ्लॅट, एफडी, पीपीएफ हे सगळं मालमत्तेत येतं. लपवायचा विचारही करू नका.

सदाफुली

खोली घेण्याबद्दल: कृपया त्याला आत्ता थांबवा. २५च्या आतल्या माणसाने भाड्याचा करार करण्याच्या आधी जॉबसेंटरची लेखी संमती घ्यावी लागते. घरात राहणं खरंच अशक्य असेल किंवा नोकरीसाठी दुसरीकडे जावं लागत असेल तर ती मिळते. न विचारता बाहेर पडला तर २५ पूर्ण होईपर्यंत भाडं मिळत नाही आणि दरही घरी राहणाऱ्याचाच, ४५१. माझ्या भाच्याचं असंच झालं, सहा महिन्यांचं भाडं बहिणीने भरलं.

२५ झाल्यावर घरी राहूनही तो स्वतंत्र धरला जातो. दर एकट्या माणसाचा, २०२५च्या हिशेबाने ५६३, आणि भाड्याचा तिसरा हिस्सा. तेव्हा जॉबसेंटर 'नातेवाईक पोसत असतील' असं गृहीत धरून एक फॉर्म देतं, त्यात तुम्ही त्याला किती देता आणि किती देत नाही ते स्पष्ट लिहायचं.

अबोली

इतकं उलगडून कोणीच सांगितलं नव्हतं, दोघांचे मनापासून आभार. पण मग २५पर्यंत काहीच नाही का? दीड वर्ष आहे त्याला.

नेकारकाठ

पैसे नसले तरी आगेंटूरमध्ये 'आर्बाइट्सलोज' (बेकार) म्हणून नोंद ठेवाच. एक तर पेन्शनच्या हिशेबात हा काळ धरला जाण्याची सोय आहे. दुसरं, फेरमिटलुंग्सबुजे म्हणून जो निधी असतो, त्यातून मुलाखतीचा प्रवास, अर्जांचा खर्च मिळू शकतो. भत्ता नसलेल्यालाही. फक्त खर्च करण्याच्या *आधी* मागायचं. म्युनिकच्या मुलाखतीचं तिकीट काढून मग गेलात तर नाही मिळत. देणं न देणं अधिकाऱ्याच्या हातात असतं, म्हणून मुलाखतीचं पत्र जोडून लेखी मागा.

आणि विम्यासाठी माझा खरा सल्ला: मिनीजॉबच्या मर्यादेच्या (२०२५ मध्ये ५५६) वरची कुठलीही विमा भरणारी नोकरी. लागर (गोदाम), बेकरी, काहीही, महिना सातआठशेची का असेना. त्याच दिवशी तो स्वतःच्या नावावर विम्यात येतो, हप्ता कमी, आणि बेकारी विम्याचे महिनेही मोजायला लागतात. इंजिनिअरची नोकरी शोधणं त्यासोबत चालू राहतं.

ओवी

मास्टर्सचा विचार आहे का त्याचा? प्रवेश घेतला तर २५पर्यंत परत वडिलांच्या विम्यात, किंडरगेल्डही परत. पण त्याच्या मनात असेल तरच, नुसतं यासाठी नको.

नागरिकत्वाबद्दल. आर्बाइट्सलोजनगेल्ड हा स्वतः भरलेल्या विम्याचा पैसा, त्याने सहसा अडत नाही. ब्युर्गरगेल्डने अडतं, जून २०२४च्या नव्या कायद्यानंतर तर सवलती फारच थोड्या उरल्या. गेल्या २४ महिन्यांपैकी २० महिने पूर्णवेळ नोकरी असलेल्याला सूट आहे, त्यात तुमचे मिस्टर बसतील. मुलगा बसणार नाही. त्याचा खर्च तुम्ही उचलता हे मात्र पोटापाण्याची सोय म्हणून दाखवता येतं. कारिटास किंवा डियाकोनी या चर्चच्या सेवासंस्थांच्या मायग्रेशन सल्ला केंद्रात कागद घेऊन जा, तिथे पैसे घेत नाहीत.

हा धागा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक: पदवीनंतर फक्त नोकरी शोधायचा परवाना असेल तर ब्युर्गरगेल्ड मिळतच नाही, अर्ज करू नका.

अबोली

मुलाला सगळं वाचून दाखवलं. खोलीचा विषय त्याने स्वतःच बाजूला ठेवला. घराजवळच्या एका गोदामात आठवड्याला पंधरा तासांचं काम आहे, उद्या जातोय विचारायला. मास्टर्सचं त्याच्या मनात आहे, पण आखेनला, म्हणजे घर सोडून. तिथे प्रवेश मिळाला तर बाफ्योगसाठीही (विद्यार्थ्यांना सरकारी शिक्षण-मदत) आमचंच उत्पन्न धरतात ना? त्याचा हिशेब कोणी केला असेल तर कृपया लिहा.