प्रेफर्ड वॉक-ऑनची जागा 'पक्की' म्हणजे किती पक्की?

चौथा_डाऊन यांचा प्रश्न:
मंडळी, अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय संघात येणाऱ्या खेळाडूंबद्दल विचारायचंय. बारावीतल्या एका लाइनबॅकरला (बचावफळीच्या मधल्या ओळीतला खेळाडू) डिव्हिजन वनच्या एफबीएस गटातल्या (कॉलेज फुटबॉलचा सर्वांत वरचा स्तर) कॉलेजाकडून 'प्रेफर्ड वॉक-ऑन' म्हणून बोलावणं आलंय. स्कॉलरशिप नाही, फी घरून भरायची, पण ट्रायआउट (निवड चाचणी) न देता संघात जागा पक्की, असं कोच फोनवर म्हणाले. रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीवर, १०५ जणांची मर्यादा आल्यापासून या 'पक्की'ला कितपत अर्थ उरलाय? आणि सराव, जेवण, दुखापत यांत स्कॉलरशिपवाल्यांपेक्षा वेगळी वागणूक कुठे मिळते?

मैदानकाठ:
'प्रेफर्ड वॉक-ऑन' हा एनसीएएच्या (कॉलेज खेळांची नियामक संस्था) नियमांतला हक्क नाही, तो कोचने दिलेला शब्द आहे. स्कॉलरशिपचा करार लेखी असतो. तो पुढे चालू राहणार की नाही हे १ जुलैपर्यंत लेखी कळवावं लागतं, आणि स्कॉलरशिप काढून घेतली तर दाद मागता येते. वॉक-ऑनला यातलं काहीच नाही. कोच दुसरीकडे गेला की त्याचा शब्दही गेला.

आता १०५ चं. पूर्वी एफबीएसमध्ये स्कॉलरशिपना ८५ ची मर्यादा होती, पण मोसमात संघ किती मोठा ठेवायचा यावर बंधन नव्हतं. त्यामुळे १२० च्या वर खेळाडू असणं नेहमीचं होतं आणि वरची सगळी भरती वॉक-ऑनची. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाउस खटल्यातल्या (खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्ध चाललेला दावा) तडजोडीला मंजुरी दिली आणि १ जुलैपासून गणित उलटं झालं. तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा उरली नाही, रोस्टरची आली. म्हणजे हवं तर १०५ च्या १०५ जणांना स्कॉलरशिप देता येते, पण १०६ व्याला जागाच नाही.

या मर्यादेपायी ज्यांची जागा गेली किंवा जाणार होती, त्या जुन्या खेळाडूंना विल्कन यांनीच आग्रह धरून संरक्षण मिळवून दिलं. ते १०५ मध्ये धरले जात नाहीत. आत्ता शाळेतून येणाऱ्या मुलाला मात्र ही सवलत नाही.

खरी मेख ऑगस्टमध्ये आहे. संख्या १०५ वर आणायची ती मोसमातल्या पहिल्या सामन्यापर्यंत, त्यामुळे सराव शिबिरात जास्त मुलं बोलावता येतात. शिबिराला बोलावणं आलं म्हणजे रोस्टरवर नाव आलं असं नाही. ऑगस्टच्या शेवटी नाव कापलं, तर तोवर सत्राची फी भरलेली असते, वसतिगृहाचा करार झालेला असतो. म्हणून कोचला सरळ दोन गोष्टी विचारा: तुमचं कॉलेज तडजोडीत सामील आहे का, आणि पहिल्या सामन्याच्या दिवशीच्या १०५ मध्ये हा मुलगा धरलाय का? उत्तर ईमेलवर मागा. त्याने करार होत नाही, पण गुळमुळीत उत्तर आलं तर काय समजायचं ते समजतं. शिवाय फी परत मिळण्याची शेवटची तारीख कॉलेजाच्या कॅलेंडरवर आधीच बघून ठेवा.

स्काउट_टीम:
मी सरावापुरतं सांगतो. पहिल्या वर्षी वॉक-ऑनचं काम म्हणजे स्काउट टीम, म्हणजे सरावात पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणारा गट. मंगळवार-बुधवार हे त्याचे मुख्य दिवस. पुढच्या प्रतिस्पर्ध्याची मांडणी कार्डावर काढलेली असते, प्रत्येक खेळाडूच्या खुणेला एक बाण. कोच हडलमध्ये (खेळीआधीच्या घोळक्यात) कार्ड उंच धरतो, काही सेकंदांत आपला बाण बघायचा आणि अगदी तसंच धावायचं. नवी मुलं चुकतात ती इथेच. समजा कार्डावर लाइनबॅकरने सेंटर आणि गार्ड या समोरच्या दोन ब्लॉकरमधल्या फटीत घुसायचं आहे, पण खेळी ओळखून तो बाहेर धावला आणि चेंडूवाल्याला धरलं. त्याला वाटतं आपण चमकलो. प्रत्यक्षात आपल्याच संघाच्या गार्डला शनिवारच्या सामन्यात जो ब्लॉक (अडवणूक) करायचाय, त्याचा सराव वाया गेला. कोच रात्री फिल्म बघतात तेव्हा कोणी पूर्ण वेगाने आणि कार्डाप्रमाणे धावलं हे लगेच दिसतं.

हे काम हलकं मानू नका. स्टेटसन बेनेट २०१७ च्या मोसमात जॉर्जिया विद्यापीठाचा वॉक-ऑन क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) होता. ओक्लाहोमाविरुद्धच्या रोझ बोल सामन्याआधी सरावात त्यांच्या क्वार्टरबॅकची, बेकर मेफिल्डची, नक्कल त्यानेच केली, आणि मेफिल्ड स्वतः वॉक-ऑन म्हणूनच आलेला. बेनेट पुढे एक वर्ष ज्युनियर (दोन वर्षांच्या) कॉलेजात खेळला, २०१९ ला स्कॉलरशिपवर परतला आणि २०२१ व २०२२ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. परतताना स्कॉलरशिप हातात होती, हे लक्षात घ्या.

सरावाच्या तासांचा नियम सगळ्यांना सारखाच: मोसमात आठवड्याला २०, दिवसाला जास्तीत जास्त ४. जेवणाचं म्हणाल तर २०१४ पासून डिव्हिजन वनमध्ये वॉक-ऑननाही अमर्याद जेवण देण्याची मुभा आहे. मुभा, सक्ती नाही. काही ठिकाणी तीन वेळचं मिळतं, काही ठिकाणी सरावानंतरचं एकच. हे नक्की विचारा, कारण लाइनबॅकरला वजन टिकवायला लागणारं खाणं घरखर्चातून भागवणं सोपं नाही. बाहेरगावच्या सामन्यांना सगळे जात नाहीत. प्रवासाची यादी छोटी असते आणि वॉक-ऑन बहुधा मागे राहतात.

पट्टी_आणि_बर्फ:
दुखापतीबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण घरचे लोक इथेच गाफील राहतात. खेळताना झालेल्या दुखापतीसाठी खेळाडूकडे विमा असलाच पाहिजे, असा एनसीएएचा नियम आहे, पण तो विमा कोणाचा हे कॉलेजावर. पुष्कळ ठिकाणी आधी आईवडिलांची पॉलिसी वापरतात आणि उरलेलं कॉलेज भरतं. ती पॉलिसी दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरांना चालत नसेल, तर एमआरआयलाच अडतं. प्रवेशाआधी विमा कंपनीला कॉलेजाच्या गावाचं नाव सांगून विचारा.

आणि दुखापत झाली की त्याच दिवशी अॅथलेटिक ट्रेनरकडे (संघात दुखापती बघणारा) नोंद करायची. जागा जाईल या भीतीने वॉक-ऑन मुलं गुडघा लपवतात. मग नोंद नसल्याने तो सरावात दुखावला हेच सिद्ध होत नाही. ऑगस्ट २०२४ पासून एनसीएएचा विमा खेळणं संपल्यावरही दोन वर्षांपर्यंत उपयोगी पडतो, आणि तो वॉक-ऑनलाही आहे. पण तिथेही लागते ती नोंदच.

पुढे कधी संघासमोर स्कॉलरशिप जाहीर झाली तर टाळ्या थांबल्यावर कागदावरचा कालावधी वाचा. ती एकाच सत्रापुरती असू शकते.

चौथा_डाऊन:
आभार, खूप उपयोग झाला. १०५ मध्ये टिकायला लाइनबॅकरने नेमकं काय दाखवावं?

मैदानकाठ:
स्पेशल टीम्स, म्हणजे चेंडू लाथाडण्याच्या खेळींसाठीचे गट. किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) आणि पंटवर (चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला देणं) धावत जाऊन मोकळ्या मैदानात चेंडूवाल्याला टॅकल करणारे बहुतेक लाइनबॅकर आणि सेफ्टी (बचावफळीतले सर्वांत मागचे) असतात. संख्या मर्यादित झाल्यावर अशा चार युनिट्समध्ये चालणारा राखीव खेळाडू कापणं कोचला जड जातं. जमत असेल तर लाँग स्नॅपही (पायांमधून चेंडू लांब मागे टाकणं) शिकवा: पंटला चेंडू १५ यार्ड मागे जातो, आणि पंटरच्या हातात पोचायला पाऊण सेकंदापेक्षा जास्त लागला तर पंट ब्लॉक व्हायची भीती. शाळेच्या सामन्यांतल्या किकऑफच्या १०-१२ क्लिप्स वेगळ्या कापून स्पेशल टीम्सच्या कोचला पाठवा, मुख्य कोचला नको. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला मुलगा कुठे उभा आहे ते गोल करून दाखवा.